वडील आयसीयूत आहेत आणि देवापुढे बसवत नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडिलांना मेंदूत रक्तस्राव झाला, आठवडा उलटला तरी ते व्हेंटिलेटरवरच आहेत. आत्या म्हणतात गुरुचरित्राचं पारायण लावा, मावशींनी सव्वा लाख मृत्युंजय जपासाठी गुरुजीही बघून ठेवलेत, भाऊ म्हणतो हे सगळं थोतांड आहे. आईंनी जेवण सोडलंय. आणि तुम्ही विचारता: आजवर कधी देवापुढे नीट हात जोडले नाहीत, मग आता अडल्यावर जोडणं हा स्वार्थ नाही का? बसलं तर मन दोन मिनिटं टिकत नाही, मग म्हणायचं काय? आणि तुमची श्रद्धा कमी पडतेय, असं जे कुणीतरी तोंडावर सांगितलं, ते खरं का?

मी वारकरी संप्रदायातला कीर्तनकार. पोटापाण्यासाठी शाळामास्तरकी केली, आता निवृत्त आहे. कीर्तनकाराला सप्ताहाला बोलावतात तसं दवाखान्यातही बोलावतात. गावातलं कुणी अत्यवस्थ झालं की, ‘महाराज, जरा येऊन बसा’ असा निरोप येतो. अशा वेळी बाकावर बसून जे पाहिलं आणि संतांकडून जे ऐकलं, त्यातूनच लिहितो. औषधपाण्याचं मला कळत नाही. ते डॉक्टरांनाच विचारा.

आधी स्वार्थाचं मिटवून टाकू. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी चार प्रकारचे भक्त सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पहिलं नाव आर्ताचं, म्हणजे संकटात सापडून हाक मारणाऱ्याचं. या चौघांनाही ‘सुकृती’ म्हटलंय आणि दोनच श्लोकांनंतर ‘उदाराः सर्व एवैते’ असंही म्हटलंय. ज्ञानी सगळ्यात जवळचा हे खरं, पण आर्ताला दाराबाहेर ठेवलेलं नाही. अडल्यावर आलात म्हणून तुम्ही आर्त. देवाच्या हजेरीपटात तुमच्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. आता आलीस होय, असं विचारणारे नातेवाईक असतात. गीतेत तरी तसं वाक्य मला सापडलेलं नाही.

आता म्हणायचं काय. इथे लोक फार गोंधळतात, आणि सल्ला देणारे तो गोंधळ वाढवतात. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची गोष्ट आहे. मगरीने पाय धरला. तो हजार वर्षं झुंजला, त्याच्या कळपाने जोर लावला, काही चाललं नाही, तेव्हा त्याने देवाला हाक मारली. ती हाक मारताना त्याने नवं काही रचलं नाही. मागच्या जन्मी शिकलेलं स्तोत्र त्याला आठवलं आणि तेच त्याने म्हटलं, असं भागवतात स्पष्ट लिहिलंय. पाय मगरीच्या जबड्यात असताना नवी पोथी शिकता येत नाही. जे आधीपासून जिभेवर आहे तेच कामाला येतं.

तुम्ही म्हणता काहीच येत नाही. लहानपणी तिन्हीसांजेला ‘शुभं करोति’ म्हणत असालच. ‘शुभं करोति कल्याणम् आरोग्यं धनसंपदा’. आरोग्य मागायला याहून साधी ओळ कुठली? तेच म्हणा. लहानपणी ज्यांनी ते तुमच्याकडून म्हणवून घेतलं, त्यांच्यातलेच एक आज आत आहेत. आईकडून ऐकून रामरक्षा अर्धीमुर्धी येत असेल तर ती म्हणा. मधला श्लोक विसरलात तर पुढचा म्हणा. रामरक्षा चुकली की उलटते, वगैरे जे सांगतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ज्या रामाने शबरीची बोरं गोड मानली, असं आपण लेकरांना सांगतो, तो रडत म्हटलेल्या श्लोकातले काना-मात्रा मोजत बसेल, हे मला पटत नाही.

रामरक्षेचं एक वैशिष्ट्य दवाखान्यात उपयोगी पडतं. तिच्या मधल्या भागात कवच आहे. ‘शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः’ इथून ते सुरू होतं. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक, तोंड, कंठ, खांदे, हात, हृदय असं एकेका अवयवावरून उतरत पायांपर्यंत जातं. मी पाहिलेली एक मुलगी भेटीच्या वेळात हे करायची. तिच्या वडिलांना अपघात झाला होता. आत जायला दहा मिनिटं मिळायची. ती गाऊन चढवायची, हातांना सॅनिटायझर लावायची आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहायची. नळ्या, वायरी, मॉनिटरचा आवाज. कुठे हात लावावा कळायचं नाही. मग ती फक्त त्या-त्या अवयवाकडे बघत हळू आवाजात एकेक चरण म्हणायची. डोक्याच्या पट्टीकडे बघत ‘शिरो मे राघवः पातु’, सलाइन लावलेल्या हाताकडे बघत ‘करौ सीतापतिः पातु’. पहिल्या दिवशी तिला त्या खाटेकडे बघवत नव्हतं, चार-पाच दिवसांत ती वडिलांकडे नीट बघायला लागली. कितव्या बोटाचं नख काळं पडलंय हे तिने सिस्टरना दाखवलं. पुढे वडील वाचले, हे सांगतो, पण रामरक्षेमुळे वाचले असं मी म्हणणार नाही. त्यांच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. रामरक्षेने त्या मुलीला त्यांच्यापाशी उभं राहता आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तेवढंच छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

मन टिकत नाही, ही तुमची दुसरी तक्रार. समर्थांचीही तीच होती. करुणाष्टकांत ते म्हणतात, ‘अचपळ मन माझें नावरे आवरीतां । तुजविण शीण होतो धांव रे धांव आतां’. मन आवरत नाही, हेच त्यांनी देवाला सांगितलं आणि तीच प्रार्थना झाली. आधी मन शांत करू आणि मग देवाकडे वळू, असा क्रम त्यांनी ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका. आयसीयूच्या बाहेर मन शांत राहिलं तरच नवल. लिफ्टचा दरवाजा उघडला तरी काळजात धस्स होतं, सिस्टरने वडिलांचं नाव पुकारलं की पायांतलं बळ जातं, मेडिकलच्या चिठ्ठ्या संपत नाहीत. यात आसन मांडून अर्धा तास ध्यान होणार कसं? ज्ञानेश्वर महाराजांनी हरिपाठाची सुरुवातच केली ती ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ अशी. क्षणभर म्हटलंय. बिलाच्या रांगेत, जिन्यात, रिक्षात तो क्षण मिळतो. ‘रामकृष्णहरि’ म्हणा आणि पुढच्या कामाला लागा.

शिवाय रोज एकदा साध्या मराठीत, आईशी बोलावं तसं, देवाशी बोला. मोघम ‘सगळं नीट होऊ दे’ म्हणण्यापेक्षा त्या दिवसापुरतं काय हवं ते मागा. आज ताप उतरू दे. डॉक्टरांच्या हाताला यश दे. रात्रपाळीच्या सिस्टरला झोप येऊ देऊ नकोस. मला उद्या राउंडच्या वेळी नीट प्रश्न विचारता येऊ देत. असं मागणं मागितलं की एक होतं: दिवस हातात येईल एवढा लहान होतो. पुढच्या सहा महिन्यांचं ओझं आज डोक्यावर घेतलं तर माणूस बसल्या जागी खचतो, हे मी फार बघितलंय.

राग आला तर? येणारच. तो गिळू नका. आमच्या संप्रदायात देवावर रागावण्याची रीत जुनी आहे आणि ती वरच्या दर्जाची समजली जाते. कान्होपात्रेला नेण्यासाठी बिदरच्या बादशहाची माणसं आली, तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलापुढे टाहो फोडला, ‘नको देवराया अंत आता पाहू’. विनंती आहे, पण त्यात दटावणीही ऐकू येते. तुकोबांनी तर एका अभंगात ‘माझे लेखीं देव मेला’ असं सरळ म्हटलंय. तो अभंग गाथेतून कुणी काढून टाकला नाही, आम्ही तो कीर्तनात म्हणतो. माणदेशातले एक म्हातारबा मला आठवतात. मुलगा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली सापडलेला. ते दवाखान्याच्या जिन्यावर बसून, हातावर तंबाखू मळत, विठ्ठलाला अस्सल गावरान शिव्या देत होते. बापानं वारी केली, मी वारी केली, त्याचे हे पांग फेडलेस काय रे, असं चाललं होतं. शेजारचं एक माणूस त्यांना गप्प करायला उठलं, तेव्हा मी त्याला खाली बसवलं. ज्याच्यावर विश्वासच उरला नाही त्याला माणूस शिव्या कशाला देईल? त्या मुलाचा पाय गुडघ्यातून काढावा लागला. म्हातारबा पुढच्या आषाढीला दिंडीत होते. विठ्ठलाशी बोलणं बंद आहे, पण चालायला आलोय, असं त्यांनी मला सांगितलं.

आता ते श्रद्धा कमी पडल्याचं. हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं हे तुम्ही लिहिलं नाहीत, ते बरंच केलंत. पण त्यांना माझ्याकडून एवढं विचारा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या चार लेकरांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं. यांतल्या कुणाची श्रद्धा कमी पडली होती? सातशे वर्षांत कुठल्याही वारकऱ्याने तसं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. माणूस वाचला तर आमच्या पारायणाने वाचला, गेला तर तुमच्या श्रद्धेत खोट होती, असा हिशेब मांडणाऱ्याचं कधीच नुकसान होत नाही. ते सगळं घरच्यांच्या पदरात पडतं. एवढ्यासाठी या वाक्याचा मला मनापासून संताप येतो.

याचंच दुसरं रूप म्हणजे ‘जे झालं ते चांगल्यासाठी’. तुकोबांचा ‘बरे जालें देवा निघालें दिवाळें’ हा अभंग लोक पाठ करून दुसऱ्याच्या दुःखावर फेकतात. तो तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याविषयी, स्वतः त्यातून गेल्यावर म्हटलाय. शेजाऱ्याच्या दिवाळ्यावर त्यांनी तो म्हटला नव्हता. भेटायला येणारं कुणी आईंना असलं काही सांगू लागलं तर चहा आणायच्या निमित्ताने त्याला खाली घेऊन जा.

जपाचं थोडं गणित सांगतो, मास्तर आहे म्हणून. मृत्युंजय मंत्र भरभर पण स्पष्ट म्हटला तर साधारण आठ सेकंद लागतात. सव्वा लाख वेळा म्हणायला दहा लाख सेकंद, म्हणजे सुमारे २७८ तास. रोज दहा तास बसणारा एक माणूस घेतला तर जवळपास चार आठवडे. तीन दिवसांत करून देतो म्हणणाऱ्याकडे नऊ-दहा जण रोज दहा-दहा तास बसायला हवेत. मावशींनी बघितलेल्या गुरुजींना एवढंच विचारा, की बसणार किती जण आणि कुठे. उत्तर नीट आलं आणि पैसे जड वाटत नसतील, तर मावशींच्या समाधानासाठी करायला माझी हरकत नाही. पण उधार काढून नको, दागिना मोडून तर नकोच. तो पैसा औषधांना लागणार आहे. गुरुचरित्राच्या सप्ताहाला सोवळं, आहार, ठरलेली वेळ असे कडक नियम असतात. आत्यांना ते त्यांच्या घरी जमत असेल तर त्यांनी जरूर करावं. रात्री दवाखान्याच्या खुर्चीत झोपणाऱ्या तुम्ही ते अंगावर घेऊ नका. अर्धवट राहिलं की त्याची भीती वेगळी लागते आणि संकटात आणखी एक संकट येतं.

नवसाविषयी तुकोबांनी स्वच्छ सांगितलंय, ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’. तरी बोललाच असाल तर घाबरू नका, झेपेल तसा फेडा. आणि कुणी तुम्हाला डॉक्टरांचं औषध बंद करून अमुक बाबाकडे न्या म्हणालं, तर तिथे चर्चाच करू नका. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हाच ठरवलाय.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड: याने खरंच फरक पडतो का? भावाचं म्हणणंही मी टाकून देत नाही. २००६ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण होते. काहींसाठी परक्या लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही, आणि या दोघांनाही आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही ते ठाऊक नव्हतं. पहिल्यांत ५२ टक्के लोकांना पुढे काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यांत ५१ टक्के. म्हणजे फरक नाहीच. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे सांगितलं होतं, त्यांच्यात मात्र ५९ टक्के निघाले. आपली अवस्था इतकी वाईट आहे का, या धास्तीने असं झालं असेल, असा एक तर्क त्यावर मांडला गेला. कीर्तनकाराने हे सांगावं याचं काहींना वाईट वाटेल. मला वाटत नाही. देवाला ५२ आणि ५१च्या तराजूत घालण्याची हौस मला कधीच नव्हती. पण त्यातून एक गोष्ट मी उचलली. रुग्ण शुद्धीवर असला की त्याच्या उशाशी ‘सगळा गाव तुमच्यासाठी देव पाण्यात घालून बसलाय’ असं मी आता म्हणत नाही. गावातल्या म्हशीचं, पावसाचं बोलतो.

मागितलेलं प्रत्येक वेळी मिळत नाही, हे आमच्याच घरातलं सत्य आहे असंही नाही. एका मिशनच्या दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांनी मला गेथशेमाने बागेची गोष्ट सांगितली. पकडले जाण्याच्या रात्री येशूने, हा प्याला माझ्यापासून टळू दे, अशी बापाजवळ विनवणी केली आणि तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असंही म्हटलं. प्याला टळला नाही. ‘देवाच्या लेकालासुद्धा नाही मिळालं, महाराज,’ एवढं बोलून त्या ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत पुढे गेल्या. मला त्या दिवशी नामदेवरायांचा ‘देह जावो अथवा राहो । पांडुरंगी दृढ भावो’ हा अभंग नव्याने ऐकू आला. तो मी तुम्हाला आज म्हणायला सांगणार नाही. आज ‘वाचव’ हेच म्हणा, जोर लावून म्हणा. पुढे कधी डॉक्टरांनी समोर बसवून वेगळं काही सांगितलं, तर मागणं आपोआप बदलतं. त्रास होऊ देऊ नकोस, आईला सांभाळ, मला निर्णय घेता येऊ दे. असं बदललं म्हणजे श्रद्धा डळमळली, असं समजू नका. आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीच्या वेळी नामदेव ढसाढसा रडले, आणि विठ्ठल जवळ असूनही रडले, असं त्यांच्या समाधीच्या अभंगांतून आपण ऐकतो.

राहिल्या दोन बारीक गोष्टी. मावशींनी दिलेलं तीर्थ वडिलांच्या तोंडात घालू नका, एक थेंबही नको. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गिळता येत नाही, ते फुफ्फुसात जाण्याची भीती असते. अंगाऱ्याची पुडीही आत नेऊ नका. बाहेर तुमच्या पर्समध्ये ठेवा, चालते.

आणि आईंचं जेवण. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. रिकाम्या पोटी साखर उतरली तर तुम्हाला दोन मजल्यांवर धावावं लागेल. डॉक्टरांना आजच विचारून घ्या आणि त्यांना मऊ भात, वरण असं काहीतरी समोर बसून भरवा. त्या उपास मोडायला तयार होणार नाहीत. हे शुद्धीवर आल्याशिवाय घास घेणार नाही, असं देवाला बोलले आहे, म्हणतील. त्यांना सांगा की तो नवस महाराजांनी आपल्याकडे वळता करून घेतलाय, त्यांच्या वतीने येती एकादशी ते निर्जळी करणार आहेत. मी करणार आहे, खोटं नाही सांगत. त्यांनी ऐकलं नाही तर संध्याकाळी फोन लावून त्यांच्या हातात द्या, मी बोलतो.